अनाहिदचं तळं

पडद्यावर चिकटवलेली निळी पट्टी अनाहिदने नखाने हळूच सोडवली, बोटाभोवती गुंडाळली आणि मुठीत धरली. गेल्या खेपेला तळ्याचा काठ कुठे येऊन थांबला हे लक्षात राहावं म्हणून तिनेच ती तिथे लावली होती. आज तळं पट्टीच्या पलीकडे गेलं होतं. पट्टी नसली की काठ आधी कुठे होता हे विचारणारं कोणी नव्हतं.

"काय गं, पडदे पुसायला लागलीस?" मागून गास्पार म्हणाला.

"डाग होता."

"डाग असणारच. तुलूझवाल्यांना वारा सोडून दुसरं काही झाडायला येतं कुठे?" त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिच्यापुढे धरला. होडीच्या आकाराची, नारिंगफुलांच्या वासाची ती कडक बिस्किटं तो प्रत्येक खेपेला मार्सेयहून आणायचा. डबा आला नाही तर प्रयोग बिघडतो असं त्याचं म्हणणं होतं. पदार्थविज्ञानात उभा जन्म काढलेला माणूस, पण डबा विसरला म्हणून एकदा अर्ध्या वाटेतून परत फिरला होता.

अनाहिदने एक बिस्कीट उचललं आणि तसंच टेबलावर ठेवलं.

बाहेर सकाळपासून ओतां सुटला होता. हा वारा वाहू लागला की तुलूझमधली माणसं कारण नसताना भांडतात, आणि मग सगळं खापर वाऱ्याच्या डोक्यावर फोडतात. नियंत्रण कक्षाच्या जाड काचांतूनही त्याचं घोंघावणं ऐकू येत होतं. आत मात्र सगळं जागच्या जागी होतं. कोपऱ्यातल्या मेजाशी कानाला यंत्र लावून कोरालि बसली होती. वरच्या माणसांशी बोलायचा अधिकार ह्या खोलीत फक्त तिला होता. शास्त्रज्ञांनी काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं, ती वाचून विचारणार. शास्त्रज्ञांच्या हाती बटण दिलं की ते बोलायचे थांबत नाहीत, हा जुना अनुभव होता.

वर म्हणजे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकावर. तिथे कपाटाएवढी एक पेटी होती, पेटीत एक छोटी भट्टी, भट्टीत काचेची नळी, आणि नळीत मेणासारखा एक पदार्थ. तो वितळला की पाण्यासारखा नितळ व्हायचा. त्यात चिमूटभर कापूर मिसळलेला होता. नळी गरम बाजूकडून गार बाजूकडे अगदी मुंगीच्या पावलांनी सरकवायची, की पदार्थ गोठू लागतो. गोठताना तो कापराला आत घ्यायला तयार नसतो, पुढे ढकलत राहतो. ढकललेल्या कापराची जिथे दाटी होते तिथे गोठणारा काठ मागे पडतो, शेजारचा पुढे घुसतो, आणि पडद्यावर मधमाश्यांचं पोळं उमटतं. तूप थिजताना कणी धरतं ना, तसंच. फक्त इथे एकेक कण शिस्तीत शेजाऱ्याला खेटून उभा. धातू ओततानाही आत हेच घडतं, पण धातूच्या आत कोणाला दिसतं? म्हणून हा पारदर्शक पदार्थ. आणि जमिनीवर गरम रस वर चढतो, गार खाली बसतो, ढवळाढवळ होऊन पोळं विसकटतं, म्हणून तो वर नेलेला. तिथे वजन नाही, म्हणून ढवळणंही नाही.

पोळं हजारदा पाहिलेलं होतं. अनाहिदचं नाव झालं ते पोळ्यामुळे नव्हे, पोळं जिथे उमटेना त्या जागेमुळे.

डाव्या कडेला एक गुळगुळीत चकती होती. तिथे घरं पडतच नव्हती. आधी सगळ्यांना तो कॅमेऱ्याचा दोष वाटला. अनाहिदने मात्र महिनोन्‌महिने मान मोडून गणितं केली आणि सांगितलं, की वजन नाहीसं झालं की पोळ्यालाही शांत बसायला एक जागा सापडते; हे इथे खाली दिसणं शक्यच नाही. लिस्बनच्या परिषदेत तिचं बोलणं संपलं तेव्हा लोक उभे राहिले होते. कोणीतरी त्या चकतीला 'अनाहिदचं तळं' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. आजवर तिने दुसऱ्यांच्या सिद्धांतांना आकृत्या पुरवल्या होत्या. निवृत्ती तोंडावर आली असताना देवाने हे तळं हातावर ठेवलं. तिला त्याचा आनंद झाला होता, आणि तो ती लपवतही नव्हती. शुक्रवारी समिती बसणार होती. ह्याच तळ्यासाठी नवी, मोठी पेटी वर पाठवायची की नाही ते ठरणार होतं, आणि गास्पारच्या मते ते ठरल्यातच जमा होतं.

फक्त एक गोष्ट होती. तिच्या गणितात, नळी त्याच वेगाने सरकवली तर तळं तेवढंच राहायला हवं होतं. आजचा वेग गेल्या खेपेचाच होता.

"आज रूप काय खुललंय बघ तुझ्या तळ्याचं," गास्पार पडद्याकडे वाकून म्हणाला. "समितीला हेच चित्र दाखव. भाषण करूच नकोस."

"हं."

"हं काय? घरात लग्न असल्यासारखं तोंड कर जरा."

कोरालिने हात वर केला. आठवड्यातून एकदा वरचा कोणीतरी प्रयोगवाल्यांशी चार शब्द बोलायचा. काम म्हणून नव्हे, रीत म्हणून. आज गोतिएची पाळी होती. नुकताच वर गेलेला बेल्जियन गडी, बोलघेवडा. आधी खरखर झाली, मग त्याचा आवाज खोलीभर पसरला.

"तुलूझ, नमस्कार! काय म्हणतंय पोळं?"

"पोळं मजेत आहे," कोरालि म्हणाली. "तू कसा आहेस?"

"डोकं जड आहे. पण नव्याने आलेल्या सगळ्यांचंच होतं म्हणे. तोंड सुजून भोपळा झालाय. आईने पाहिलं तर म्हणेल, हा कोण आणलात, माझा मुलगा परत द्या."

खोलीत हशा पिकला. गास्पार तर कोणी हसवायची वाटच पाहत असायचा.

"आणि एक गंमत सांगू?" गोतिए रंगात आला होता. "मी आलो, दार उघडलं, आत शिरलो, आणि पहिला वास कसला आला असेल? आमच्या आजीच्या कपाटाचा! नामूरला तिचं एक अक्रोडाचं कपाट होतं, लोकरीच्या कपड्यांचं. कसर लागू नये म्हणून काय काय ठेवायची त्यात. ते उघडलं की जो भपकारा यायचा ना, हुबेहूब तो. मी म्हटलं, आजे, तू माझ्या आधी इथे पोचलीस होय!"

"मग? बाकीच्यांना सांगितलंस?" कोरालि हसत होती.

"सांगितलं आणि फसलो. म्हणाले, आम्ही इतके महिने इथे राहतोय, आम्हाला कधी आला नाही तो. तेव्हापासून मला 'आजीचा नातू' म्हणून हाक मारतात."

पुन्हा सगळे हसले. गास्पारही हसला, पण हसता हसता त्याचा बिस्किटाचा हात तोंडापाशी थांबला. त्याने अनाहिदकडे पाहिलं नाही. अनाहिदनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. मुठीतली पट्टी घामाने चिकट झाली होती.

तिच्या आईच्या घरीही असंच कपाट होतं. आर्मेनियातून आजोबांबरोबर आलेली गालिच्याची गुंडाळी त्यात असायची, आणि गुंडाळीच्या पोटात मलमलीच्या पुरचुंडीत कापूर. वर्षाने पुरचुंडी सोडली की आत काही नसायचं. कापराचं हे असंच. तो सांडत नाही, गळत नाही, डाग पाडत नाही. नुसता नाहीसा होतो.

कोरालि आता गाळण्या बदलण्याबद्दल गोतिएला काही वाचून दाखवत होती. अनाहिद पडद्याकडे बघत राहिली. कापूर नसेल तर ढकलायला काही नाही. ढकलायला काही नसेल तर दाटी नाही, घरं नाहीत, पोळं नाही. गोठणारा काठ सपाट, आरशासारखा. पहिल्या वर्षाच्या पोरांना हे ती स्वतः शिकवत असे. मग इतकी शहाणी माणसं, इतक्या परिषदा, आणि हे कोणाच्याच डोक्यात कसं आलं नाही? आलं होतं. तिच्याच डोक्यात आलं होतं, आणि तिनेच ते खोडलं होतं. तिच्या लेखात एक वाक्य होतं: नळी सीलबंद असल्यामुळे कापराचं प्रमाण बदललेलं नाही असं धरून चालू. वाचणाऱ्या प्रत्येकाने मान डोलावली होती. बंद नळीतून कापूर जाणार कुठे?

"टॉवेल असतील," गास्पार खालच्या आवाजात म्हणाला. "नाहीतर कोणाचं तरी दुखण्यावरचं मलम. वर काय वास थोडे असतात? घाम, प्लास्टिक, सूप."

"कापूर," अनाहिद म्हणाली.

"नाव नको घेऊस."

"नळी तू आणि मी भरली, गास्पार."

"भरली, आणि यंत्राने तपासली. गळत नाही असं यंत्राने सांगितलं."

"आणि मादाम ओर्सिनी?"

त्याने हातातलं बिस्कीट उलटसुलट करून पाहिलं.

नळ्या भरायच्या त्या हिवाळ्यात दोघं दिवसभर कापरात असायची. बसमध्ये शेजारची बाई नाक मुरडून दुसरीकडे जाऊन बसायची, आणि अनाहिदला कळायचंच नाही की का. वासात राहिलं की नाक मरतं. सकाळी पहिली दहा मिनिटं काय कळेल ते कळेल, मग काही नाही. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. यंत्राची तपासणी व्हायचीच, पण त्याआधी तळमजल्यावरच्या मादाम ओर्सिनींना वर बोलवायचं. इमारतीच्या चाव्या सांभाळणारी ती कॉर्सिकन बाई; तिला त्यांच्या कामाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. बंद केलेली नळी ती नाकाशी धरायची आणि म्हणायची, "पास," किंवा म्हणायची, "ह्याने माझे स्वेटर वाचतील." ह्याला ते 'नाक उधार घेणं' म्हणत. यंत्र नंतर बहुतेक तेच सांगायचं. सगळी हसत असत, पण उधार नाकाशिवाय एकही नळी त्यांनी पुढे पाठवली नव्हती. एक सोडून. त्या दिवशी बसचा संप होता, मादाम आल्या नव्हत्या, आणि नळी न्यायला माणूस दारात उभा होता.

"त्या नळीभोवती दुसरं कवच आहे," गास्पार म्हणाला. "त्याच्याभोवती तिसरं. तीन भिंती, अनाहिद."

"तिन्ही ओलांडून कापूर बाहेर आला असेल, तर बाकीचं आत का थांबेल?"

बाकीचं म्हणजे तो मेणासारखा पदार्थ. कापूर कोणाचं काही बिघडवत नव्हता. पण तो पदार्थ फार तापला की त्याची वाफ जीव घेते, म्हणून तर तीन भिंती होत्या. आणि आजची गोठवण संपली की भट्टी चढवून नळी पुन्हा वितळवायची होती. पडद्याच्या कोपऱ्यात भट्टीचा आकडा हिरवा होता. चढवायची आज्ञा कोरालिच्या मेजावर तयार होती.

"शुक्रवारपर्यंत," गास्पार तिच्या इतक्या जवळ सरकला की डब्यातल्या नारिंगफुलांचा वास तिला आला. "फक्त शुक्रवारपर्यंत थांब. मग आपणच तपासू, आपणच सांगू. आत्ता तू 'गळती' हा शब्द उच्चारलास ना, की पाच मिनिटांत पेटी बंद. कायमची. परत कोणी उघडून देणार नाही. आणि कशावरून? कुणाच्या तरी आजीच्या कपाटावरून! जग हसेल आपल्याला."

"आणि भट्टी आज चढणार त्याचं काय?"

"ती दर खेपेला चढते. आजवर काय झालंय?"

तो वाईट माणूस नव्हता. तिच्या आईच्या आजारपणात त्याने रात्री जागवल्या होत्या. अनाहिदला त्याचा राग आला नाही. तो तिच्याच मनातलं बोलत होता, आणि राग येत होता तो त्या मनातल्या गोष्टीचाच. मघाशी पट्टी काढताना तिच्या बोटांनी हे सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. तिला स्वतःची शरम वाटली. इतकी, की कान गरम झाले.

तिने मूठ उघडली. पट्टी सरळ केली, आणि पडद्यावर जिथे होती तिथे परत चिकटवली. चिकटपणा उरला नव्हता, म्हणून अंगठ्याने दाबून धरली.

गास्पारने पट्टी पाहिली. पट्टीच्या पलीकडे दोन बोटं पसरलेलं तळं पाहिलं.

"ही कधीची खूण?"

"गेल्या खेपेची. वेग तोच आहे."

"मग मघाशी तू…"

"हो."

त्याने हातातलं बिस्कीट डब्यात परत ठेवलं.

अनाहिदने चिठ्ठी लिहिली आणि कोरालिपुढे सरकवली. कोरालिने वाचली, भुवया उंचावल्या, पण विचारायचं ते विचारलं. "गोतिए, खालून एक प्रश्न आहे. तो आजीचा वास आमच्या पेटीजवळ जास्त येतो का?"

"अरे वा! आजी प्रसिद्ध झाली म्हणायची. थांबा, जाऊन बघतो."

पंख्यांची घरघर ऐकू येत राहिली. कशावर तरी त्याचा हात आपटला, तो स्वतःशीच काही पुटपुटला. कोरालि पेनाने मेजावर ताल धरत होती. बाहेर वाऱ्याने कुठलंतरी दार आपटलं.

"हं, पोचलो. पेटीला नाक लावलंय अगदी." त्याने दोनदा जोरात श्वास ओढला. "नाही. काही नाही. पहिले दोन दिवस येत होता, मग गेलाच तो. ह्या लोकांचंच खरं असेल. भास झाला असेल मला."

गास्पार झटकन वळला. "ऐकलंस?" त्याने अनाहिदचा दंड धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "येत नाहीये. काही नाहीये तिथे."

"छान," कोरालि म्हणाली. "आभार, गोतिए. मग आम्ही ठरल्याप्रमाणे पुढे…"

अनाहिद उठली. कोरालिच्या खांद्यावरून हात घालून तिने बटण दाबलं. त्या खोलीत आजवर कोणी असं केलं नव्हतं. कोरालि खुर्चीत अर्धवट वळली आणि तशीच राहिली.

"गोतिए, तुमच्यात सगळ्यात शेवटी वर कोण आलं?"

"कोण बोलतंय?"

"अनाहिद. तळंवाली. तुमच्यात सगळ्यात नवं कोण आहे?"

"मीच की. माझ्यानंतर कोणी नाही. का हो?"

तिने बटणावरचं बोट काढलं नाही. गास्पारचा हात तिच्या दंडावरून गळून पडला. मादाम ओर्सिनी आठवायला त्यालाही वेळ लागला नाही. वर आता उधार घ्यायला एकही ताजं नाक उरलं नव्हतं.

"कोरालि, भट्टी उतरव," ती म्हणाली. "आत्ता. नळी गळते आहे."

कोरालिने गास्पारकडे पाहिलं. त्याने डब्याचं झाकण लावलं आणि होकाराची मान हलवली. कोरालिची बोटं धावू लागली. पडद्याच्या कोपऱ्यातला हिरवा आकडा क्षणभर तसाच राहिला, मग पिवळा झाला आणि फार सावकाश खाली येऊ लागला. तळ्याच्या काठावरची आणखी काही घरं तेवढ्यात पुसली गेली.

"गोतिए," अनाहिद म्हणाली, "सगळ्यांना सावध कर. आणि तू त्या पेटीपासून लांब हो."

उत्तर यायला नेहमीचाच क्षण लागला.

"लांब?" तो हसला. "मॅडम, इथे लांब म्हणजे कुठे?"